ड्रुपल मॉड्यूलची टेबलं: दिवाळी अंकांच्या सूचीची मांडणी तपासून हवी आहे

शाईदौत

दिवाळी अंकांची अनुक्रमणिकेसकट सूची ठेवणारं मॉड्यूल (जोडभाग) ड्रुपल या वेबसाइट-प्रणालीसाठी लिहितो आहे. ड्रुपल ११. एका साइटला डेटाबेस मारियाडीबी १०.६ आहे, दुसरीला पोस्टग्रेस १६, आणि दोन्हीकडे एकच कोड चालायला हवा. टेबलं इन्स्टॉल फाइलीतल्या हुक_स्कीमामध्ये (टेबलांची व्याख्या देणारं फंक्शन) मांडली आहेत. कोडातली नावं इथे देवनागरीत देतो, फाइलीत ती लहान रोमन अक्षरांत आहेत.

अंकसूची_नियतकालिक: आयडी (सिरियल), नाव (व्हारचार २५५), गाव (व्हारचार १२८). नाव आणि गाव मिळून युनिक की (तीच जोडी दोनदा शिरू न देणारा नियम), कारण एकाच नावाची नियतकालिकं वेगवेगळ्या गावांतून निघू शकतात.

अंकसूची_अंक: आयडी, नियतकालिक_आयडी, प्रसिद्धी (इंट, अनसाइन्ड म्हणजे उणे आकडा न घेणारा, युनिक्स टाइमस्टॅम्प), किंमत (फ्लोट), पानं, संपादक (व्हारचार २५५).

अंकसूची_नोंद: अनुक्रमणिकेतली एक ओळ म्हणजे एक नोंद. आयडी, अंक_आयडी, रँक, शीर्षक आणि लेखक (दोन्ही व्हारचार २५५), प्रकार, पान, टीप (टेक्स्ट). अंक_आयडीवरून अंकाच्या टेबलाकडे फॉरिन की (त्या टेबलातल्या ओळीशी जोड).

चार ठिकाणी अडलंय. हुक_स्कीमामध्ये नोंदीच्या टेबलाला 'भाषांतरकार' कॉलम वाढवला, कॅश साफ केली, तरी तो डेटाबेसात येत नाही. 'मनोरंजन'चा १९०९ चा अंक नोंदवायला गेलं की दोन्ही डेटाबेस नकार देतात. अंक काढून टाकला तरी त्याच्या नोंदी तशाच मागे राहतात. आणि युनिक की असूनही एकच नियतकालिक दोनदा शिरतं. दोन्ही नावं डोळ्यांना तंतोतंत सारखी दिसतात.

याखेरीज मांडणीत काय खटकतंय तेही सांगा.


खोडरबर

पहिल्याचं उत्तर देतो. हुक_स्कीमा ड्रुपल फक्त मॉड्यूल बसवताना वाचतं. तेव्हा त्यातली टेबलं तयार होतात, मग हुक_इन्स्टॉल चालतं (म्हणून सुरुवातीच्या नोंदी तिथे बिनधास्त घालता येतात), आणि मॉड्यूल काढताना तीच टेबलं डेटासकट पुसली जातात. अधल्या-मधल्या काळात त्या फाइलीत काहीही बदललं तरी डेटाबेसाला त्याचा पत्ता नसतो. कॅशचा इथे काही संबंध नाही.

चालू साइटवर कॉलम वाढवायचा तर दोन जागी लिहावं लागतं. हुक_स्कीमात, म्हणजे उद्या नव्याने बसवणाऱ्याला तो मिळेल. आणि इन्स्टॉल फाइलीतच अपडेट फंक्शनात, उदाहरणार्थ अंकसूची_अपडेट_११००१. त्यात आधी फील्ड-एक्झिस्ट्सने कॉलम आहे का ते पाहायचं, नसेल तर ॲड-फील्डने घालायचा. मग 'ड्रश अपडेटडीबी' ही कमांड चालवायची. कुठलं अपडेट शेवटचं चाललं तो आकडा की_व्हॅल्यू टेबलात 'सिस्टिम.स्कीमा' या गटात असतो.

त्या आकड्याबाबत दोन गोष्टी सांभाळा. नव्याने बसवताना ड्रुपल सगळ्यात मोठा अपडेट क्रमांक थेट नोंदवून टाकतं, कुठलंही अपडेट फंक्शन चालवत नाही. म्हणजे एखादी गोष्ट फक्त अपडेटमध्ये केली आणि हुक_स्कीमात किंवा हुक_इन्स्टॉलमध्ये केली नाही, तर नव्या साइटला ती कधीच मिळणार नाही. दुसरं म्हणजे क्रमांक चढतेच हवेत. ११००५ चालून गेल्यावर दुसऱ्या शाखेतून ११००३ आलं तर ते कायमचं मागे राहतं, एररही येत नाही. ११००० हा आकडा वापरू नका, ११००१ पासून सुरू करा.


मधली_ओळ

खोडरबर यांनी सांगितलेल्या दोन जागांमुळे एक मोह होतो: तेच तेच दोनदा कशाला लिहायचं, अपडेट फंक्शनातून अंकसूची_स्कीमा हाक मारून व्याख्या तिथूनच उचलू. हे करू नका. समजा ११००१ ने 'लेखक' टेबल हुक_स्कीमातून उचलून तयार केलं. सहा महिन्यांनी ११००४ ने त्याच टेबलाला 'जन्मवर्ष' कॉलम दिला आणि हुक_स्कीमाही सुधारला. आता जी साइट बरेच महिने अपडेट झालेली नाही तिथे ११००१ चालतं तेव्हा ते आजची व्याख्या वाचतं, म्हणजे टेबल 'जन्मवर्ष'सकटच जन्माला येतं. मग ११००४ येऊन तोच कॉलम घालू पाहतं आणि कॉलम आधीच आहे असा एरर देऊन थांबतं. अपडेट फंक्शन म्हणजे त्या दिवशीची नोंद. व्याख्या त्यात अख्खी उतरवून ठेवायची आणि पुन्हा तिला हात लावायचा नाही.

भरलेल्या टेबलाला नॉट-नल (रिकामा न चालणारा) कॉलम घालताना डिफॉल्ट किंवा 'इनिशियल' द्या, नाहीतर पोस्टग्रेस आधीच्या ओळींपाशी अडेल. टेक्स्ट कॉलमला डिफॉल्ट देऊ नका, मायएसक्यूएलचा (मारियाडीबी ज्यातून निघाली तो डेटाबेस) एरर ११०१ त्यासाठीच आहे. तिथे 'इनिशियल' वापरा, तो फक्त आधीच्या ओळी भरतो.


घाटवाट

१९०९ बद्दल. युनिक्स टाइमस्टॅम्प १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतो, त्याआधीची तारीख उणे येते. नोव्हेंबर १९०९ साठी आकडा उणे १९० कोटींच्या जवळपास आहे. तुमचा कॉलम अनसाइन्ड आहे, त्यामुळे मारियाडीबी 'आउट ऑफ रेंज' म्हणून १२६४ देते. पोस्टग्रेसमध्ये अनसाइन्ड प्रकारच नाही. ड्रुपल तिथे कॉलम बिगइंट करतं आणि 'शून्य किंवा जास्त' असा चेक लावतं. तो चेक तुम्हाला अडवतो आहे.

अनसाइन्ड काढून भागेल असं वाटेल, पण चार बाइटचा साइन्ड इंट मागे १३ डिसेंबर १९०१ पर्यंतच पोचतो आणि पुढे १९ जानेवारी २०३८ ला, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतो. एकोणिसाव्या शतकातलं एखादं मासिक सूचीत घ्यायचं ठरलं की पुन्हा तीच रड.

मुळात इथे टाइमस्टॅम्प नकोच. जुन्या अंकावर छापलेलं असतं ते वर्ष, फार तर महिना. त्याला १ नोव्हेंबर, रात्री १२ असा खोटा नेमकेपणा द्यायचा, मग तो यूटीसीत साठवायचा आणि दाखवताना साडेपाच तासांच्या फरकाने ३१ ऑक्टोबर झाला म्हणून शोधत बसायचं. 'वर्ष' इंट, साइझ स्मॉल, नॉट नल. 'महिना' इंट, साइझ टायनी, नल चालेल. अंकावर शके छापला असेल तर तो वेगळा स्मॉल इंट ठेवा, वजाबाकी करून इसवी सन काढू नका: शकाचं वर्ष चैत्रात बदलतं, सनाचं जानेवारीत. मायएसक्यूएलचा खास 'इयर' प्रकार १९०१ ते २१५५ एवढंच घेतो आणि पोस्टग्रेसला तो ठाऊकच नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

नोंद कधी तयार झाली हे ठेवायचं असेल तिथे टाइमस्टॅम्प योग्यच. फक्त साइझ बिग द्या.


पाटीपेन्सिल

किंमत फ्लोटमध्ये ठेवू नका, न्यूमरिक ठेवा. एवढं कुणीही सांगेल, पण तुमच्या सूचीत त्यापुढची एक गाठ आहे. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला. त्याआधीच्या अंकांवर किंमत आण्यांत असते. सहा आणे म्हणजे ०.३७५ रुपये. न्यूमरिक ८,२ ठेवलंत तर ते ०.३८ होतं आणि सहा आणे परत कधीच मिळत नाहीत. एक आणा ०.०६२५ रुपये, म्हणून स्केल ४ हवं. पै आली की तेही पुरत नाही, कारण रुपयाच्या १९२ पै आणि हा भागाकार संपत नाही.

म्हणून दोन कॉलम: 'छापील_किंमत' व्हारचार ३२, अंकावर आहे तशी, आणि 'किंमत_रुपये' न्यूमरिक, प्रिसिजन १०, स्केल ४, नल चालेल, फक्त क्रम लावायला. वाचकाला दाखवायची ती पहिली.


जोडाक्षर

चौथा प्रश्न माझ्या आवडीचा आहे आणि तो फक्त तुमच्या साइटचा नाही. मराठी मजकुरावर युनिक की लावणाऱ्या प्रत्येकाला हा चकवा लागतो.

नियतकालिकाच्या नावात 'दऱ्या'सारखा शब्द आहे असं धरा. त्यातला अर्धा र तीन तऱ्हांनी साठवता येतो. एक: ऱ हे एकच अक्षर, यू+०९३१, त्यापुढे हलन्त. दोन: साधा र, नुक्ता (अक्षराखालचा टिंब), हलन्त. तीन: साधा र, हलन्त आणि मागे झीरो-विड्थ-जॉइनर हे न दिसणारं चिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखी दिसतात, बाइट तिन्हींचे वेगळे. ड्रुपल मायएसक्यूएल आणि मारियाडीबीवर नेहमी जे जनरल-सीआय कोलेशन (मजकूर जुळवण्याचे नियम) घेतं त्याला ती वेगळीच वाटतात, पोस्टग्रेसलाही. कोण कुठला कळफलक वापरतो त्यावर कुठलं रूप शिरेल ते ठरतं.

पीएचपीच्या इंटल एक्स्टेन्शनमधला नॉर्मलायझर एनएफसी (युनिकोडने ठरवलेलं एकसारखं) रूप करतो तेव्हा पहिलं आणि दुसरं एक होतात. तिसरं होत नाही, ते हाताने बदलावं लागतं: र, हलन्त, जॉइनर दिसलं की ऱ, हलन्त करायचं. तसंच 'ॲ'. ते यू+०९७२ असं एक अक्षर म्हणूनही येतं आणि अ ला वर चंद्र जोडूनही येतं. युनिकोडच्या लेखी ही दोन रूपं समान नाहीत, म्हणून नॉर्मलायझर त्यांना हात लावत नाही. 'ऑ' आणि चंद्र दिलेला आ यांचीही तीच गत.

उपाय टेबलातच करा. 'नाव' कॉलममध्ये अंकावर आहे तसं नाव राहू द्या. शेजारी 'शोधरूप' कॉलम ठेवा, त्यात वरचे सगळे बदल करून, दोन शब्दांतल्या जास्तीच्या आणि नॉन-ब्रेकिंग जागा एक करून, कडेच्या जागा कापून नाव साठवा. युनिक की 'शोधरूप'वर. शोधखिडकीत आलेला शब्दही त्याच फंक्शनातून काढा, नाहीतर साठवलेलं एक आणि शोधलेलं दुसरं होईल. हे फंक्शन पुढे बदललंत तर जुन्या सगळ्या ओळींचं शोधरूप अपडेटमधून पुन्हा काढावं लागेल, हेही लक्षात असू द्या.

लांबीबद्दलही सांगतो. व्हारचार २५५ म्हणजे २५५ कोडपॉइंट (युनिकोडची एकेक चिन्हं). ते बाइटही नाहीत आणि आपण मोजतो ती अक्षरंही नाहीत. 'महाराष्ट्र' आपल्याला चार अक्षरांचा, त्यात कोडपॉइंट १० आणि बाइट ३०. 'स्त्री' एक अक्षर, कोडपॉइंट सहा. शीर्षकाखाली लांबलचक उपशीर्षक असेल तर २५५ पटकन भरतात. मारियाडीबीत टेक्स्टची मर्यादा मात्र बाइटांत आहे: ६५,५३५ बाइट, म्हणजे निव्वळ देवनागरीत २१,८४५ कोडपॉइंट. टिपेला पुरेल. अख्खा लेख ठेवणार असाल तर साइझ बिग.

आणि फॉर्म! ड्रुपलच्या टेक्स्टफील्डची मॅक्सलेंग्थ आपण काही दिलं नाही तर १२८ असते. कॉलम २५५ चा ठेवून फॉर्ममध्ये आकडा द्यायला विसरलं की शीर्षक निम्म्यातच अडतं आणि दोष टेबलावर येतो.


शाईदौत

@जोडाक्षर, नेमकं हेच होतं. जुळ्या नावांचे बाइट हेक्समध्ये काढून पाहिले: एका नावात ऱ आहे, दुसऱ्यात जॉइनर. शोधरूपाचा कॉलम घालतो. पण नाव २५५, गाव १२८ आणि आता शोधरूपही. इंडेक्सच्या लांबीची काळजी करायला हवी का?


खोडरबर

यूटीएफ-८ एमबी-४ मध्ये प्रत्येक कोडपॉइंटला चार बाइट धरतात. २५५ चे १०२०, १२८ चे ५१२, मिळून १५३२. तुमच्या मारियाडीबीत नवी टेबलं डायनॅमिक रो-फॉरमॅटची होतात आणि तिथे मर्यादा ३०७२ बाइट आहे, त्यामुळे बसतं. जुन्या कॉम्पॅक्ट फॉरमॅटमध्ये मर्यादा ७६७ होती. १९१ हा विचित्र आकडा जिथे-तिथे दिसतो तो त्यामुळेच: १९१ गुणिले ४ म्हणजे ७६४.

ड्रुपलचा मायएसक्यूएल ड्रायव्हर साध्या इंडेक्समधला लांब मजकूर आपणहून १९१ वर कापतो. प्रायमरी आणि युनिक की मात्र कापत नाही, आणि कापूही नये, नाहीतर १९१ नंतर वेगळी असलेली दोन नावं एकच ठरतील. म्हणून जुन्या फॉरमॅटच्या टेबलावर एरर १०७१ आला तर तो जवळजवळ नेहमी युनिक कीचा असतो.

'प्रकार', 'भूमिका' असले यंत्राने वाचायचे कॉलम व्हारचार-ॲस्की करा, लांबी ३२. एका अक्षराला एकच बाइट लागतो, इंडेक्स लहान राहतो.


मधली_ओळ

तिसरा प्रश्न राहिला. हुक_स्कीमातल्या 'फॉरिन कीज' या भागातून डेटाबेसात काहीही तयार होत नाही. ती फक्त माहिती आहे, वाचणाऱ्या माणसासाठी आणि काही मॉड्यूलांसाठी. नोंदी मागे राहणारच. अंक पुसताना नोंदी पुसायचं काम तुमचं: अंक पुसणारं फंक्शन एकच ठेवा, त्यात ट्रान्झॅक्शन (सगळं होईल किंवा काहीच नाही अशी बांधणी) सुरू करून आधी नोंदी, मग अंक. आतापर्यंत अनाथ झालेल्या नोंदी एका अपडेटमधून काढा: अंकाच्या टेबलाशी लेफ्ट जॉइन, जिथे अंक नल तिथल्या.

संबंध डेटाबेसात नसला तरी प्रकार जुळलेच पाहिजेत. तिकडे सिरियल, अनसाइन्ड असेल तर इकडे इंट, अनसाइन्ड, नॉट नल, तोच साइझ.

आणि 'रँक' हे नाव बदला. मायएसक्यूएल ८.० मध्ये तो राखीव शब्द झाला, 'ग्रुप्स' आणि 'सिस्टिम'ही त्याच आवृत्तीत. तुमच्या दोन साइट्सवर कदाचित काही बिघडणार नाही, तिसरी मायएसक्यूएलवर आली की हाताने लिहिलेली क्वेरी मोडेल. ड्रुपलमध्ये कॉलमचं नाव चौकटी कंसात लिहिलं की ते त्या त्या डेटाबेसाच्या पद्धतीने अवतरणात जातं. तरी मुळात नावच 'वेट' (वजन) ठेवणं बरं, ड्रुपलची सवयही तीच आहे.


घाटवाट

माझा आक्षेप मुळावरच आहे. नियतकालिक आणि अंक यांना स्वतःची टेबलं कशाला? संपादकांना ती फॉर्ममधून भरायची आहेत, यादीत पाहायची आहेत, मुखपृष्ठाचं चित्र लावायचं आहे, उद्या परवानग्याही लागतील. हे सगळं कंटेंट एन्टिटीत (ड्रुपलच्या तयार मजकूर-साच्यात) आयतं मिळतं. एन्टिटीचे बेस-फील्ड एकाच टेबलात कॉलम म्हणून बसतात, तेव्हा वेगाचीही ओरड नको. नोड (ड्रुपलचा नेहमीचा मजकूर-प्रकार) करून त्याला प्रशासन पानावरून आठ फील्ड जोडली तर प्रत्येकाचं एक टेबल आणि रिव्हिजनचं आणखी एक, अशी १६ टेबलं होतात. तो प्रकार वेगळा.


पाटीपेन्सिल

अंकापुरतं पटतं. अनुक्रमणिकेच्या नोंदींना मात्र साधं टेबलच हवं. एका अंकाच्या पन्नास-साठ ओळी सीएसव्हीतून एकदम चढणार, एकेकीला स्वतःचं पान नाही, आवृत्त्या नाहीत. प्रत्येक ओळ एन्टिटी केली तर प्रत्येक सेव्हला सगळे हुक चालतील आणि हजारो ओळींची आयात रेंगाळेल. साध्या टेबलात मल्टी-इन्सर्टने शे-दोनशे ओळी एका क्वेरीत जातात. व्ह्यूजमध्ये (ड्रुपलच्या याद्या बनवणाऱ्या भागात) दिसण्यासाठी हुक_व्ह्यूज_डेटा लिहिला की झालं.

दोन्हींतला फरक लक्षात घेऊन ठरवा. एन्टिटीचा कॉलम पुढे वाढवायचा तर तो ॲड-फील्डने घालायचा नाही. एन्टिटी डेफिनेशन अपडेट मॅनेजरकडून फील्डची व्याख्या बसवावी लागते. शिवाय 'युनिक फील्ड' हे बंधन सेव्हच्या आधी तपासतं एवढंच. दोघांनी एकाच क्षणी सेव्ह दाबलं तर दोन्ही आत. खरी युनिक की हवी असेल तर स्टोरेज-स्कीमा वर्ग वाढवून त्यात ती घालावी लागेल, आणि शोधरूप सेव्हच्या आधी प्री-सेव्हमध्ये भरावं लागेल.


जोडाक्षर

'भाषांतरकार' कॉलम घालण्याआधी थांबा. उद्या 'शब्दांकन' येईल, 'रेखाटनं' येतील, एका लेखाला दोन लेखक येतील आणि 'लेखक' कॉलममध्ये स्वल्पविराम देऊन नावं कोंबली जातील. मग एका लेखकाचं सगळं लेखन काढायला लाइक लावून अख्खं टेबल चाळावं लागेल.

'अंकसूची_व्यक्ती' आणि जोडणीचं 'अंकसूची_नोंद_व्यक्ती' अशी दोन टेबलं करा. जोडणीत नोंद_आयडी, व्यक्ती_आयडी, भूमिका, वेट आणि 'छापील_नाव'. प्रायमरी की नोंद_आयडी, व्यक्ती_आयडी, भूमिका या तिघांची मिळून. दुसरा इंडेक्स व्यक्ती_आयडी, नोंद_आयडी असा उलटा, कारण प्रायमरी की डावीकडून वापरली जाते आणि नुसत्या व्यक्तीवरून शोधताना तिचा उपयोग होत नाही. एक्सप्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवतो ते दाखवणारी आज्ञा) चालवून पाहा, उलटा इंडेक्स नसेल तर अख्खं टेबल वाचलेलं दिसेल.

'छापील_नाव' हा कॉलम मराठीत टाळताच येत नाही. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कविता आरती प्रभू या नावाने आहेत. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज, माणिक गोडघाटे आणि ग्रेस, तेच. व्यक्ती एक, त्या अंकात छापलेलं नाव वेगळं. नाव फक्त व्यक्तीच्या टेबलात ठेवलंत तर कुसुमाग्रज नावाने छापलेल्या कवितेसमोर सूचीत शिरवाडकर दिसेल, आणि सूची म्हणून ते चूक आहे.


शाईदौत

म्हणजे लेखक कॉलममधल्या आताच्या सुमारे ११,००० नोंदी फोडून नव्या टेबलांत न्याव्या लागणार. हे एकाच अपडेटमध्ये करू की तुकड्यांत?


खोडरबर

तुकड्यांत, आणि वेगवेगळ्या क्रमांकांत. मायएसक्यूएल-मारियाडीबीत टेबल तयार करणं किंवा कॉलम घालणं ट्रान्झॅक्शनमध्ये मागे फिरवता येत नाही. ती आज्ञा चालली की आधीचं सगळं कमिट होतं. पोस्टग्रेसमध्ये फिरवता येतं. म्हणून ११००१ ने फक्त नवी टेबलं, ११००२ ने फक्त डेटा, ११००३ ने जुना 'लेखक' कॉलम काढणं. तिसरं याच आवृत्तीत देऊ नका. डेटा नीट गेल्याची खात्री झाली की पुढच्या आवृत्तीत.

११००२ मध्ये सँडबॉक्स (एका फेरीतून पुढच्या फेरीत माहिती नेणारी जागा) वापरा. पहिल्या फेरीत एकूण संख्या मोजून ठेवा, नंतर प्रत्येक फेरीत 'शेवटच्या आयडीपेक्षा मोठे' असे २०० घ्या. ऑफसेट वापरू नका, तो पुढे पुढे हळू होतो आणि मध्येच नोंद पुसली गेली तर एक ओळ सुटते. 'फिनिश्ड'मध्ये ० ते १ असा अपूर्णांक द्यायचा. रिकाम्या साइटवर एकूण शून्य असतं आणि शून्याने भागलं की अपडेट मोडतं, तेव्हा एकूण शून्य असेल तर सरळ १ द्या. घालताना इन्सर्टऐवजी मर्ज क्वेरी (ओळ असेल तर बदलणारी, नसेल तर घालणारी) वापरा, म्हणजे मध्येच वीज गेली आणि अपडेट पुन्हा चालवलं तरी दुबार ओळी होणार नाहीत.

अपडेट फंक्शनात एन्टिटी लोड-सेव्ह करू नका, त्या वेळी बाकीच्या मॉड्यूलांची अपडेटं अर्धवट असू शकतात. एन्टिटीला हात लावायचाच असेल तर ते काम पोस्ट-अपडेट फाइलीत. ती सगळी अपडेटं झाल्यावर चालते.


मधली_ओळ

कॉलमची लांबी किंवा प्रकार बदलताना चेंज-फील्डच्या आधी त्या कॉलमवरचे सगळे इंडेक्स आणि की काढा, नंतर पुन्हा घाला. मारियाडीबीवर न काढता चालून गेलं म्हणून पोस्टग्रेसवर चालेल असं समजू नका.

चाचण्यांचंही तसंच. कर्नल टेस्ट (ड्रुपलच्या स्वयंचलित चाचण्यांचा एक प्रकार) बहुतेक जण एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर चालवतात. एसक्यूलाइट व्हारचारची लांबी पाळतच नाही, ३०० कोडपॉइंटचं शीर्षक २५५ मध्ये निमूट घेतं. तीच ओळ मारियाडीबीवर एरर १४०६ देते. तुमच्या दोन्ही डेटाबेसांवर चाचणी चालवा, आणि टेस्टमध्ये इन्स्टॉल-स्कीमाला टेबलांची नावं द्यायला विसरू नका. कर्नल टेस्ट ती आपणहून तयार करत नाही.

अपडेट तपासायचं तर जुन्या आवृत्तीचा डंप घेऊन त्यावर 'ड्रश अपडेटडीबी' चालवा, नंतर कोऱ्या साइटवर मॉड्यूल बसवा आणि दोन्हीकडची टेबलांची रचना शेजारी शेजारी ठेवा. एक कॉलम, एक डिफॉल्ट, एक इंडेक्सही वेगळा दिसता कामा नये. आपल्या मशीनवर मॉड्यूल काढून पुन्हा बसवणं हा सोपा मार्ग आहे. चालू साइटवर तसं केलं तर सगळा डेटा जातो, आणि ड्रुपल ८ पासून नुसतं 'बंद' करण्याची सोय उरलेली नाही.


शाईदौत

सुधारलेली मांडणी. नियतकालिक आणि अंक या कंटेंट एन्टिटी. नियतकालिकात नाव, शोधरूप, गाव. शोधरूप आणि गाव यांची युनिक की स्टोरेज-स्कीमा वर्गातून. गाव रिकामं राहू शकतं, काही अंकांवर ते छापलेलंच नसतं, म्हणून नल चालू ठेवलं आहे. अंकात वर्ष (स्मॉल), महिना (टायनी), शके, छापील_किंमत, किंमत_रुपये.

हुक_स्कीमात तीन टेबलं: नोंद, व्यक्ती, नोंद_व्यक्ती. नोंदीत अंक_आयडी, वेट, शीर्षक, शोधरूप, प्रकार (व्हारचार-ॲस्की ३२), पान, टीप. इंडेक्स अंक_आयडी आणि वेट यांचा मिळून. भाषांतरकार कॉलम रद्द, ती आता भूमिका.


जोडाक्षर

गावापाशी एक भोक राहिलं आहे. युनिक कीमधला एक कॉलम नल असला की मायएसक्यूएल, मारियाडीबी, पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट चौघंही त्या ओळीला इतर कुठल्याही ओळीसारखी मानत नाहीत. नलची तुलना नलशीही होत नाही. म्हणजे गाव नसलेलं एकच नियतकालिक दहा वेळा शिरेल आणि की गप्प बसेल. गाव नॉट नल करा, डिफॉल्ट रिकामी स्ट्रिंग. एन्टिटी रिकामं फील्ड नल म्हणून साठवू पाहते, तेव्हा शोधरूप भरता त्याच प्री-सेव्हमध्ये त्याचाही बंदोबस्त हवा. सोपं म्हणजे गाव शोधरूपातच मिसळा: नाव, उभी रेघ, गाव असेल तर गाव. मग युनिक की एकाच कॉलमवर येते. शोधरूपाची लांबी मात्र ३८४ करा: नावाचे २५५, रेघेचा एक, गावाचे १२८. चौपट केले तर १५३६ बाइट, मर्यादेच्या आत.